सफाईनं बोलणारा हुशार का वाटतो?

आमच्या कंपनीत कॉलेजांमधून मुलं घ्यायची वेळ आली की पॅनेलवर मला बसवतात. बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. प्रत्येक उमेदवाराचा एक कागद असतो आणि त्यावर दोन रकाने असतात, ‘टेक्निकल’ आणि ‘कम्युनिकेशन’. दोन्हींत दहापैकी मार्क द्यायचे. मध्यंतरी एचआरमधल्या मुलीनं जुने कागद एक्सेलमध्ये भरायला घेतले आणि चहाच्या वेळी सहज म्हणाली, “सर, तुम्ही एकच रकाना का नाही ठेवत?” मला कळेना. तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आठ-आठ, सात-सात, पाच-पाच, मध्येच एखादा सहा-सात, पुन्हा आठ-आठ. खाली खाली जात राहिलं तरी तेच.

याचे अर्थ दोनच निघतात. ज्याला विषय येतो त्याला बोलताही येतं, हा एक. किंवा मी बोलणं ऐकून दोन्ही रकाने भरत होतो.

पहिला अर्थ धरून बसणं सोयीचं होतं. पण त्या यादीतल्या एका पाच-पाचवाल्याचं उत्तर मला चांगलं आठवत होतं.

प्रश्न पंपाचा होता. पंपात कॅव्हिटेशन (पाण्यात बुडबुडे धरून ते फुटणं) का होतं? सकाळच्या पहिल्या मुलानं प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू केलं. “बेसिकली सर, कॅव्हिटेशन इज अ व्हेरी इम्पॉर्टंट फिनॉमिनन इन हायड्रॉलिक मशिन्स, अँड इट डायरेक्टली इम्पॅक्ट्स द एफिशियन्सी...” दोन मिनिटं बोलला. हात छान हलत होते, नजर आमच्या तिघांवरून फिरत होती. त्या दोन मिनिटांत ‘का’चं उत्तर कुठेच नव्हतं, पण मी आठ दिले. दुपारी मराठवाड्यातल्या एका खेड्यातला मुलगा आला. प्रश्न ऐकला आणि टेबलाकडे बघत गप्प बसला. मग म्हणाला, “सर, आमच्या हिरीवर उन्हाळ्यात पानी खाली गेलं की मोटरीत खडे आपटल्यावानी आवाज यायचा. वडलांनी पंप चार फूट खाली उतरवला, मंग आवाज बंद झाला.” आणि थांबला. माझ्या शेजारचा सहकारी किंचित हसला. मी पाच-पाच लिहून पुढचा बायोडेटा उचलला.

आता हे उत्तर बघा. पाणी खाली गेलं की पंपाला ते जास्त उंच ओढावं लागतं, त्यामुळे पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो. दाब पुरेसा कमी झाला की पाणी गरम न होताच त्याची वाफ होते, बुडबुडे धरतात आणि पुढे इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकावर, दाब वाढला की ते फुटतात. तोच तो खडे आपटल्यासारखा आवाज. पंप खाली उतरवला की ओढायची उंची कमी होते आणि रोग संपतो. म्हणजे लक्षण, कारण आणि उपाय, तिन्ही त्या दोन वाक्यांत होतं. फक्त पुस्तकातले शब्द नव्हते. हे उत्तर मला आठवत होतं, कारण नव्या मुलांना कॅव्हिटेशन शिकवताना पुढे मी तेच उदाहरण द्यायला लागलो होतो. ते कुणाचं होतं आणि त्याला मी किती मार्क दिले होते, हे एक्सेलमध्ये दिसलं.

तेव्हापासून या विषयावरचं संशोधन मिळेल तसं वाचत आलोय. लोक असले प्रयोग फार जुन्या काळापासून करताहेत आणि माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेली माणसं त्यांत सपशेल फसलेली आहेत, हे कळल्यावर थोडं बरंही वाटलं.

सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतला. डोनाल्ड नाफ्टुलिन, जॉन वेअर आणि फ्रँक डॉनेली या तिघांनी तो 1973 मध्ये प्रसिद्ध केला. मायकेल फॉक्स नावाचा एक नट त्यांनी गाठला. हा सिनेमा-टीव्हीवर छोट्या भूमिका करणारा माणूस. (पुढे प्रसिद्ध झालेल्या मायकेल जे. फॉक्सला नावात ‘जे’ घुसवावा लागला तो याच्यामुळे, कारण नटांच्या संघटनेत हे नाव आधीच नोंदलेलं होतं.) त्याचं त्यांनी ‘डॉ. मायरन फॉक्स’ असं बारसं केलं, जोडीला भारदस्त परिचय लिहिला आणि विषय दिला, ‘गणिती गेम थिअरीचा डॉक्टरांच्या शिक्षणात उपयोग’. गेम थिअरीवरचा (म्हणजे डावपेचांच्या गणितावरचा) एक लोकांसाठी लिहिलेला लेख त्याला वाचायला दिला. मग तालीम करून घेतली ती व्याख्यान पोकळ ठेवण्याची. गोलमाल बोलायचं, मनाचे शब्द घडवायचे, आधीच्या वाक्याशी संबंध नसलेलं पुढचं वाक्य टाकायचं, स्वतःचंच म्हणणं खोडायचं आणि मध्ये मध्ये विनोद करायचे. शेवटच्या प्रश्नोत्तरांतही हेच चालू ठेवायचं.

समोर बसले होते मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्य शिकवणारे लोक. दुसऱ्यांच्या मनातलं ओळखणं हाच ज्यांचा धंदा. पुढे व्याख्यानाची चित्रफीत आणखी दोन गटांना दाखवली, एकूण 55 जणांना. बहुतेकांनी पसंती दिली. विचारांना चालना मिळाली म्हणाले, मांडणी चांगली होती म्हणाले. हा माणूस तज्ज्ञ नाही हे कुणालाच कळलं नाही. एकानं तर आपण डॉ. फॉक्स यांचं लेखन वाचलंय असंही सांगितलं! या एका माणसावर माझा फार जीव आहे. असे आपण सगळेच कधी ना कधी झालेलो असतो.

या प्रयोगावर टीका झाली आणि ती रास्त आहे. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणजे खऱ्या तज्ज्ञाचं कंटाळवाणं भाषण ऐकवून कुणी मार्क घेतले नव्हते. म्हणून पुढे वेअरनं एका सहकाऱ्याबरोबर नीट बेतून प्रयोग केले. तोच वक्ता, पण मजकूर कधी भरगच्च, कधी विरळ आणि बोलणं कधी रंगतदार, कधी सपाट. बोलणं सपाट असलं की ऐकणाऱ्यांना मजकुरातला फरक जाणवायचा. बोलणं रंगलं की मार्क देताना तो फरक जवळजवळ पुसला जायचा. माझ्या सकाळच्या आठ मार्कांचं कोडं मला इथे सुटलं.

पण असं होतं का? आपण मूर्ख आहोत म्हणून नाही. समोरच्याची बुद्धी थेट दिसत नाही. तापाला थर्मामीटर आहे, बुद्धीला बोलण्याच्या टेबलावर तसं काही नसतं. मग आपण जे दिसतं, ऐकू येतं, त्यावरून अंदाज बांधतो. आणि सगळ्यात आधी ऐकू येतो तो वेळ. किती पटकन बोलला, किती अडखळला.

वेळेचं गणित फार नाजूक आहे. 2009 मध्ये संशोधकांच्या एका गटानं जगातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पा मोजल्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी अंतर निघालं सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा भाग. एखादा साधा शब्द मनात शोधून ओठांवर आणायलाच त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे गप्पा मारताना आपण समोरचा बोलत असतानाच उत्तर जुळवून ठेवतो आणि त्याचं वाक्य संपतंय असा अंदाज घेऊन तोंड उघडतो. कानाला याच तालाची सवय झालेली असते. म्हणून एखाद्याला फोनवर “शनिवारपर्यंत पाच हजार देशील का?” असं विचारलं आणि पलीकडे एक सेकंद शांतता पसरली, की पुढचं ऐकायची गरज नसते. ‘नाही’ आलेलंच असतं.

आता हाच कान घेऊन मी मुलाखतीला बसतो. मुलगा विचार करायला तीन सेकंद थांबतो. त्याच्यासाठी ते तीन सेकंद कामाचे. तो विहीर आठवतोय, पाण्याची पातळी आठवतोय, कदाचित मराठीत सुचलेलं इंग्रजीत बसवू बघतोय. माझा कान मात्र त्या शांततेचा अर्थ गप्पांच्या हिशोबानं लावतो. याला येत नाही. आणि एकदा हे ठरलं की पुढचं उत्तर मी ऐकतो ते त्या शिक्क्याखालूनच.

शब्दांच्या बाबतीत एक गंमत आहे. जड शब्द वापरले की आपण हुशार वाटू, अशी पुष्कळांची समजूत असते. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञानं ती तपासली. प्रवेश अर्जांसोबतचे निबंध घेतले आणि त्यांतले साधे शब्द काढून त्याच अर्थाचे अवघड शब्द टाकले. वाचणाऱ्यांना अवघड शब्दांवाला लेखक कमी हुशार वाटला. वाचायला त्रास होईल अशा टायपात छापलं तरी तेच झालं, आणि टाइप काही लेखकानं निवडलेला नव्हता! 2006 साली त्याला या कामाबद्दल साहित्याचं इग्नोबेल मिळालं. म्हणजे गंमतीतलं नोबेल, पण काम गंमतीचं नाही. वाचताना झालेल्या कष्टांचं बिल वाचणारा लिहिणाऱ्याच्या नावावर फाडतो. ‘उपरोक्त विषयान्वये सदर प्रकरणी’ असली पत्रं लिहिणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

मग फॉक्सचे बनावट, जड शब्द कसे खपले? मला वाटतं, कागदावर वाचणारा अडतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. बोलण्यात मागे जायची सोय नाही. आवाज सुरात असला की तो शब्दांना हाताला धरून पुढे नेतो.

आवाजाचं वजन किती असतं याचा एक पुरावा शिकागो विद्यापीठातला आहे. ज्युलियाना श्रोडर आणि निकोलस एपली यांनी 2015 मध्ये तो मांडला. एमबीएच्या विद्यार्थ्यांनी ‘मला का घ्यावं’ यावर छोटं भाषण केलं. काही परीक्षकांनी ते पाहिलं आणि ऐकलं, काहींनी नुसतं ऐकलं, काहींनी तेच शब्द लिहिलेले वाचले. ऐकणाऱ्यांना तो उमेदवार वाचणाऱ्यांपेक्षा हुशार, जास्त विचारी वाटला आणि त्याला नोकरी देण्याकडे त्यांचा कल जास्त होता. चेहरा दिसण्यानं त्यात विशेष भर पडली नाही. नोकरभरती हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशांनाही हाच अनुभव आला. आवाजाचे चढउतार, थांबणं, वेग यांतून माणूस ‘विचार करतोय’ असं आपल्याला ऐकू येतं. कागदावर ते मरतं. म्हणजे लेखी परीक्षा हाही सरळ न्याय नव्हे, हे मला मुकाट्यानं मान्य करावं लागलं.

समूहात बसलं की प्रकरण आणखी पुढे जातं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांनी चार-चार जणांचे गट करून त्यांना एमबीए प्रवेश परीक्षेतली गणितं सोडवायला दिली. काही माणसं स्वभावानंच पुढे होऊन बोलणारी. गटानं त्यांना हुशार मानलं, बाहेरून चित्रफीत पाहणाऱ्यांनीही मानलं. प्रत्यक्षात त्यांचं गणित इतरांपेक्षा चांगलं नव्हतं. आणि आकडा बघा. 94 टक्के वेळा गटाचं अंतिम उत्तर तेच होतं, जे कुणीतरी सगळ्यात आधी बोलून टाकलं होतं. लक्षात घ्या, यात दादागिरी कुणीच केली नव्हती. पुढाकार घेणाऱ्यानं फक्त आधी तोंड उघडलं आणि बाकीच्यांनी ‘असेल बुवा’ म्हटलं. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचं कंत्राट असंच ठरतं. ‘बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात, त्याला ही आकडेवारी जोडायला हरकत नाही.

आता त्या ‘पानी’कडे येतो, कारण माझा सहकारी हसला होता तो त्याच शब्दाला.

शिकागो विद्यापीठातल्याच शिरी लेव्ह-आरी आणि बोआज केसार यांनी 2010 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना वाक्यं ऐकवायची आणि ती किती खरी वाटतात ते विचारायचं. उदाहरणार्थ, ‘जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्याशिवाय राहू शकतो.’ वाक्य कधी अमेरिकन माणसाच्या तोंडी, कधी परक्या धाटणीचं इंग्रजी बोलणाऱ्याच्या. ऐकणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं की ही वाक्यं बोलणाऱ्याची स्वतःची नाहीत, त्यानं फक्त वाचून दाखवलीत. तरीही परक्या धाटणीत ऐकलेलं वाक्य लोकांना कमी खरं वाटलं. मग दुसऱ्या लोकांना सरळ सांगून टाकलं, की उच्चाराचा विश्वासावर काय परिणाम होतो तेच आम्ही तपासतोय. हलकी धाटणी असलेल्यांच्या बाबतीत श्रोत्यांनी स्वतःला सावरलं, पण जड धाटणी असलेल्यांच्या बाबतीत त्यांना जमलं नाही. कानाला कष्ट पडले की खरंखोटंही डळमळतं.

आपल्याकडे यासाठी परदेशी माणूस लागत नाही. एक ण पुरतो. पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांचं बोलणं छापील भाषेला जवळचं ठरलं, शाळांतून तेच गेलं, आणि ‘पाणी’ म्हणणारा शिकलेला, ‘पानी’ म्हणणारा अडाणी, ही वाटणी इतकी आत मुरली की कान ती आपोआप करतो. इथे तर ऐकायला कष्टही पडत नव्हते. ‘पानी खाली गेलं’ हे आम्हा तिघांनाही स्वच्छ कळलं होतं. म्हणजे शिकागोच्या प्रयोगातली अडचण होती कानाची, आमची होती मनाची. आणि गंमत म्हणजे त्या सकाळच्या मुलाच्या इंग्रजीत चुका होत्याच, पण त्या आम्हाला ऐकूच आल्या नाहीत, कारण त्या आमच्याही इंग्रजीत आहेत.

मग बोलण्यावरून बुद्धीचा काहीच पत्ता लागत नाही का? लागतो, थोडा. जर्मनीत पीटर बोर्केनाउ आणि आनेटे लीब्लर यांनी अनोळखी लोकांना काही माणसांची छोटी चित्रफीत दाखवली. खोलीत येणं, बसणं, हवामानाचा अंदाज वाचून दाखवणं, एवढंच. त्यावरून बांधलेला बुद्धीचा अंदाज चाचणीतल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळला. आवाज बंद करून दाखवल्यावर जुळेना. नोरा मर्फी या संशोधिकेला आणखी एक खूण सापडली, बोलताना समोरच्याकडे बघणं. तसं बघणारे हुशार वाटले आणि त्याचा बुद्ध्यंकाशी काही संबंधही निघाला. तिनं काही जणांना ‘हुशार दिसायचा प्रयत्न करा’ असंही सांगितलं होतं, त्यांनी नजरेचं हे तंत्र लगेच उचललं आणि ते चाललंही.

ही नजरेची खूण मला जपून वापरावीशी वाटते. ज्या घरात मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे उर्मटपणा, तिथला मुलगा माझ्यापुढे टेबलाकडेच बघणार. तो मला मान देतोय आणि मी त्याचे मार्क कापतोय.

भाषेतल्या नम्रतेचंही तसंच. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या लोकांनी सत्तरच्या दशकात कोर्टातली साक्ष दोन प्रकारे ऐकवली. मजकूर एकच. एकीत ‘मला वाटतं’, ‘बहुधा’, ‘तसं काहीसं’ असे शब्द पेरलेले, दुसरीत ते काढलेले. काढलेली साक्ष लोकांना जास्त विश्वासार्ह वाटली. मराठीत तर हे शब्द म्हणजे सभ्यपणा. ‘मी काय सांगणार, पण असं असावं बहुतेक’ हे वाक्य आपल्याकडे उत्तम जाणकारही बोलतो, किंबहुना जाणकारच बोलतो.

आत्मविश्वासावर विसंबणं तसं अडाणीपणाचं नाही. ‘हा नट या बोल्टला बसेल का?’ असं विचारल्यावर दुकानदार ठासून ‘बसेल’ म्हणाला, तर बहुतेक वेळा बसतो. खात्री असलेला माणूस पुष्कळदा बरोबर असतो. घोळ होतो तो खात्री ज्ञानातून न येता स्वभावातून येते तेव्हा. एलिझाबेथ टेनी आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये साक्षीदारांवरच केलेला प्रयोग इथे कामाचा आहे. ठासून बोलणारा साक्षीदार लोकांना आधी जास्त पटतो. पण त्याची एक गोष्ट चुकीची निघाली की पारडं फिरतं, आणि जिथे खात्री नव्हती तिथे ‘नक्की नाही सांगता येत’ म्हणालेला साक्षीदार वरचढ ठरतो. अट एकच, चूक उघडी पडायला हवी. वर्कशॉपमध्ये ती आठवड्याभरात पडते. वीस मिनिटांच्या मुलाखतीत पडत नाही, आणि सफाईनं बोलणाऱ्याला एवढी वीस मिनिटंच लागतात.

मी फार मोठे बदल केलेत अशातला भाग नाही. आता मुलं आत येण्याआधी दोन प्रश्न कागदावर सोडवतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, आकृती, काहीही चालतं. ‘टेक्निकल’चा रकाना मी तो कागद बघून भरतो, माणूस बघण्याआधी. समोर कुणी गप्प झालं की टेबलाखाली बोटांवर सातपर्यंत मोजतो. पहिल्या दिवशी चारलाच माझं तोंड उघडलं होतं. आणि कुणी धबधबा सुरू केला की एवढंच विचारतो, “हे तुम्ही कुठे प्रत्यक्ष पाहिलंय?” काही जण यावर आणखी सुंदर बोलतात. काहींचा वेग उतरतो, आणि त्यांतले काही तेव्हाच पहिल्यांदा खरं बोलायला लागतात.

गेल्या हंगामाचे कागद संपल्यावर एचआरमधल्या त्या मुलीनं ते एक्सेलमध्ये भरले आणि मला बोलावलं. आठ-चार, पाच-नऊ, सात-सात, नऊ-पाच. “सर, यात काहीतरी गडबड आहे,” ती म्हणाली, “एकदा तपासून घ्याल का?”